जोड कसा तुटेल, हे आधी सांगा

चिकटवलेल्या जोडांची ताकद संगणकावर आधी मांडून पाहणं हे माझं रोजचं काम. पुण्याच्या आसपास हे काम भरपूर आहे. गाडीच्या बॉडीत स्पॉट वेल्डच्या जोडीला दोन पत्र्यांमध्ये स्ट्रक्चरल ॲडहेसिव्हची धार सोडलेली असते. साताऱ्याच्या पठारांवर फिरणाऱ्या पवनचक्क्यांची पाती म्हणजे दोन मोठी कवचं आणि त्यांच्या आतला आधार, सगळं एकमेकांना चिकटवून केलेलं. विमानांत तर 1941 मध्ये इंग्लंडमध्ये नॉर्मन डी ब्रुइन यांनी रेडक्स हा ॲडहेसिव्ह आणल्यापासून धातूला धातू चिकटवण्याची परंपरा आहे. रिव्हेटसाठी भोक पाडायला नको, वजन वाढायला नको, वेगवेगळे पदार्थ एकत्र आणायचे, असं ठरलं की ॲडहेसिव्ह येतो. आणि त्याच्यामागोमाग प्रश्न येतो: हा जोड किती भार घेईल?

या कामात राहून माझं एक मत पक्कं झालं आहे. ‘किती’ विचारण्याआधी ‘कसा’ विचारावं. भेग कुठून निघेल, कोणत्या थरातून जाईल, सावकाश सरकेल की एका झटक्यात पार होईल, हे ज्या मॉडेलला सांगता येतं त्याच्या आकड्यावर भिस्त ठेवावी. नुसता आकडा जमला म्हणून ठेवू नये. पुढचे बोल त्याच अनुभवातून आले आहेत.

1. आकड्याआधी तुकडे पाहा

टेस्टिंग मशिनवर नमुना तुटला की नव्या मुलांची नजर आधी स्क्रीनकडे जाते. आमच्या लॅबमधल्या काकांना कुणी विचारलं, “काका, किती आला?” की ते दोन्ही तुकडे टेबलावर उताणे ठेवतात, भिंग पुढे सरकवतात आणि म्हणतात, “आधी हे बघून घ्या. आकडा कुठे पळून जात नाही.”

भिंगाखाली तीन वेगळ्या गोष्टी दिसू शकतात. दोन्ही पत्र्यांवर ॲडहेसिव्हचा थर उरलेला असेल, तो खरखरीत आणि जरासा पांढुरका पडलेला असेल, तर ॲडहेसिव्ह स्वतः फाटला. त्याच्यात जेवढी कुवत होती तेवढी त्याने दिली. एका पत्र्यावर सगळा थर आणि दुसऱ्यावर चकचकीत कोरा धातू असेल, तर तो धातूला नीट धरूनच बसला नव्हता. कार्बन फायबरच्या जोडात तिसरा प्रकारही होतो: ॲडहेसिव्ह शाबूत राहतो आणि लॅमिनेटचाच वरचा थर सोलून येतो.

तिन्ही नमुने एकाच भाराला तुटू शकतात. पण पहिला आकडा ॲडहेसिव्हचा आहे, दुसरा साफसफाईचा आणि तिसरा लॅमिनेटचा. त्यांची सरासरी काढून ती ‘जोडाची ताकद’ म्हणून मॉडेलला दिली, तर मॉडेल कशाचं झालं? म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक टेस्ट रिपोर्टमध्ये मी दोन्ही पृष्ठभागांचे फोटो मागतो, आणि प्रत्येक प्रकारचा भंग किती टक्के क्षेत्रावर झाला तेही.

2. सरासरी ताण म्हणजे ॲडहेसिव्हची ताकद नव्हे

सर्वात प्रचलित टेस्ट म्हणजे सिंगल लॅप. दोन पत्रे एकमेकांवर थोडे चढवून चिकटवायचे आणि दोन्हीकडून ओढायचे. तुटला तो भार भागिले चिकटवलेलं क्षेत्र, की झाली ताकद. डेटाशीटवर छापलेली ‘शिअर स्ट्रेंग्थ’, म्हणजे सरकवणाऱ्या भारापुढची ताकद, बहुतेक वेळा अशीच आलेली असते.

आता एक हिशेब करू. 1.6 मिमी जाडीचे ॲल्युमिनियमचे पत्रे, रुंदी 25 मिमी, ओव्हरलॅप 12.5 मिमी, ॲडहेसिव्हची जाडी 0.2 मिमी. भार 6250 न्यूटन. सरासरी शिअर ताण आला 20 मेगापास्कल. पण पत्रे स्वतः ताणले जातात, त्यामुळे ओव्हरलॅपच्या दोन टोकांवर ॲडहेसिव्हला जास्त सरकावं लागतं आणि मधल्या भागाला कमी. फोल्करसेन यांनी 1938 मध्ये याचं सूत्र मांडलं. ॲडहेसिव्हचा शिअर मॉड्युलस 1000 मेगापास्कल धरला, तर त्या सूत्राने टोकावरचा ताण येतो सुमारे 39 मेगापास्कल. सरासरीच्या जवळजवळ दुप्पट.

मग ओव्हरलॅप दुप्पट करून 25 मिमी केला तर? सरासरी ताण निम्मा होऊन 10 वर येतो. टोकावरचा ताण मात्र 39 वरून फक्त 37 वर. चिकटवलेलं क्षेत्र दुप्पट झालं आणि टोकाला जेमतेम पाच टक्के आराम मिळाला, कारण वाढवलेली लांबी मध्ये जाऊन बसली आणि मधला भाग आधीपासूनच फारसं काम करत नव्हता.

चिवट ॲडहेसिव्ह असेल तर टोकं नरमतात, भार आतल्या भागाकडे सरकवतात, आणि लांबी वाढवण्याचा उपयोग होतो. ठिसूळ असेल तर टोकाला भेग पडते आणि लांबी तशीच वाया जाते. म्हणजे ओव्हरलॅप वाढवायचा की नाही, याचं उत्तर डेटाशीटवरच्या ताकदीच्या रकान्यात सापडणार नाही. ते चिवटपणात आहे.

3. जोड शिअरमध्ये डिझाइन होतो आणि सोलून तुटतो

जखमेवरची चिकटपट्टी त्वचेवर सरकवून काढायचा प्रयत्न करा; निघणार नाही. टोक उचलून मागे ओढा, सहज सुटते. स्ट्रक्चरल जोडाचं तत्त्व हेच आहे. शिअरमध्ये तो दणकट, सोलण्यात दुबळा.

सिंगल लॅप जोडात दोन्ही पत्र्यांच्या ओढण्याच्या रेषा एका रेषेत नसतात. भार वाढला की जोड त्या रेषा जुळवायला वाकतो, आणि वाकताना ओव्हरलॅपची टोकं उघडायला लागतात. गोलंड आणि राइसनर यांनी 1944 मध्ये हे वाकणं हिशेबात घेतलं, तेव्हा शिअरच्या टेस्टमध्ये सोलणारा ताण किती असतो ते समोर आलं. पुढे 1970 च्या दशकात हार्ट-स्मिथ यांनी अमेरिकेत नासासाठी केलेल्या कामात ॲडहेसिव्हचं नरमणंही सूत्रांत आणलं. त्यांच्या मांडणीतला एक आग्रह मला आजही पटतो: ॲडहेसिव्ह हा रचनेतला सर्वात कच्चा दुवा कधीच नसावा, आधी पत्र्याने हार मानावी.

पत्र्याचं टोक निमुळतं करणं, दुहेरी लॅप वापरणं, टोकाशी बाहेर आलेला ॲडहेसिव्ह पुसून न टाकता त्याला उतार देऊन राहू देणं, या उपायांनी सोलणं कमी होतं. त्यातला शेवटचा उपाय मॉडेल करणाऱ्यांच्या हमखास नजरेआड होतो. मॉडेलमध्ये ॲडहेसिव्ह चौकोनी कापलेला असतो, प्रत्यक्षात त्याचा छोटा उतार बाहेर आलेला असतो. ॲडम्स आणि पेपियट यांनी 1974 मध्येच दाखवलं होतं की हा उतार टोकावरचा ताण बराच खाली आणतो. जोड जसा दिसतो तसा काढा. जोड कापून, घासून मायक्रोस्कोपखाली पाहायला अर्धा दिवस जातो, पण तो सार्थकी लागतो.

4. कोपऱ्यातला सर्वोच्च ताण वाचू नका

हा सल्ला सर्वात जास्त वेळा द्यावा लागतो. नवीन इंजिनिअर मोठ्या मेहनतीने मेश करतो, म्हणजे जोड छोट्या एलिमेंटमध्ये विभागतो, लाल रंग कुठे आहे ते पाहतो, तिथला आकडा वाचतो आणि ॲडहेसिव्हच्या ताकदीशी तुलना करून फॅक्टर ऑफ सेफ्टी लिहितो. मी त्याला एकच सांगतो: त्या कोपऱ्यातले एलिमेंट निम्म्या आकाराचे कर आणि पुन्हा चालव. आकडा वाढतो. आणखी निम्मे केले, आणखी वाढतो. तो कुठे थांबतच नाही.

हा सॉफ्टवेअरचा दोष नाही. दोन वेगवेगळ्या ताठरपणाचे पदार्थ तीक्ष्ण कोपऱ्यात भेटले की रेषीय सिद्धांतानुसार तिथला ताण अनंताकडे जातो. विल्यम्स यांनी 1952 मध्ये तीक्ष्ण कोपऱ्यांचं आणि 1959 मध्ये दोन पदार्थांच्या सीमेवरच्या भेगेचं गणित मांडलं, तेव्हापासून हे माहीत आहे. जो आकडा मेशच्या आकारावर ठरतो, त्याला ताकदीशी ताडून पाहण्यात अर्थ नाही.

यावर वाटा आहेत. कोपऱ्यापासून ठराविक अंतरावरचा ताण वाचायचा, किंवा ठराविक लांबीवर त्याची सरासरी घ्यायची. पण ती लांबी स्वतंत्र टेस्टमधून ठरवलेली हवी, उत्तर जुळेपर्यंत फिरवलेली नको. लेगिलॉ यांनी 2002 मध्ये सुचवलेली वाट मला विशेष आवडते. भेग एका ठराविक लांबीची एकदम उमटते, आणि त्या लांबीवर ताण पुरेसा असणं आणि ऊर्जा पुरेशी असणं, या दोन्ही अटी एकाच वेळी पुऱ्या व्हाव्या लागतात, असं ते मानतात. ताण म्हणतो भेग पडू शकते; ऊर्जा म्हणते ती परवडते. दोघांची संमती लागते.

5. ऊर्जेचा ताळेबंद मांडायला शिका

ग्रिफिथ यांनी 1921 मध्ये काचेच्या भेगांबद्दल जे म्हटलं ते जोडांनाही लागू आहे. भेग पुढे सरकायला नवा पृष्ठभाग तयार करावा लागतो, त्याला ऊर्जा लागते, आणि ती ताणलेल्या वस्तूत साठलेल्या ऊर्जेतून येते. पुढे अर्विन यांनी या विचाराला इंजिनिअरच्या हातात बसेल असं रूप दिलं. ॲडहेसिव्हचा चिवटपणा म्हणून आपण मोजतो तो हाच: एक चौरस मीटर भेग उघडायला किती ज्यूल लागतात. साधा, ठिसूळ इपॉक्सी काहीशे ज्यूलच्या आत आटोपतो. रबराचे कण मिसळून चिवट केलेले स्ट्रक्चरल ॲडहेसिव्ह हजार-दोन हजारांच्या आणि त्यापुढच्या घरात जातात.

हे मोजण्याची डबल कँटिलिव्हर बीम ही टेस्ट प्रत्येकाने एकदा तरी शेजारी उभं राहून पाहावी. ॲल्युमिनियमच्या दोन जाड पट्ट्या एकमेकींना चिकटवलेल्या, एका टोकाला थोडी जागा न चिकटवता सोडलेली. कडेला व्हाइटनरचा हात फिरवून त्यावर बारीक पेनाने मिलिमीटरच्या खुणा केलेल्या. मशिन दोन्ही पट्ट्यांना अलगद दूर ओढू लागतं. भार चढतो, एका जागी थबकतो, आणि पांढऱ्या रंगावर केसाएवढी काळी रेघ पुढे सरकायला लागते. एक जण खुणा वाचून सांगतो, दुसरा नोंदवतो. मशिन ओढतच असतं आणि भार मात्र उतरत जातो.

साध्या तुळईच्या सूत्राने याचा हिशेब होतो. पट्टी 25 मिमी रुंद, 12.5 मिमी जाड, चिवटपणा 2000 ज्यूल प्रति चौरस मीटर. भेग 50 मिमी असताना ती पुढे ढकलायला सुमारे 2400 न्यूटन लागतात, आणि 100 मिमी झाली की 1200. भार निम्मा झाला, जोडाचा चिवटपणा तोच राहिला. ज्याला ‘ताकद’ हा एकच शब्द ठाऊक आहे त्याला वाटेल की जोड कमजोर होत चालला. ज्याला ऊर्जेचा ताळेबंद येतो त्याला दिसतं की ॲडहेसिव्ह पहिल्या मिलिमीटरपासून शेवटच्यापर्यंत सारखीच किंमत वसूल करतो आहे.

6. कोहेसिव्ह झोनच्या प्रत्येक आकड्याचा अर्थ सांगता आला पाहिजे

आज बहुतेक मॉडेल कोहेसिव्ह झोन पद्धतीने होतात. डगडेल यांनी 1960 मध्ये आणि बॅरनब्लाट यांनी 1962 मध्ये मांडलेली कल्पना अशी: भेगेच्या टोकापुढे एक छोटा पट्टा असतो, तिथे पदार्थ अर्धवट उघडलेला असतो आणि तरी एकमेकांना धरून असतो. मॉडेलमध्ये या पट्ट्याला एक आलेख देतात. उघडणं वाढलं की धरण्याचा ताण आधी वाढतो, कळस गाठतो आणि मग उतरत शून्यावर येतो. चढाचा उतार म्हणजे सुरुवातीचा ताठरपणा, कळस म्हणजे ताकद, आणि आलेखाखालचं क्षेत्रफळ म्हणजे चिवटपणा.

सोलण्यासाठी हे तीन आणि शिअरसाठी वेगळे तीन. शिअरमधला चिवटपणा सोलण्याच्या चिवटपणाच्या कितीतरी पट असू शकतो, म्हणून दोन्हींसाठी एकच आकडा टाकून चालत नाही. प्रत्यक्ष जोडात दोन्ही एकत्र येतात, तिथे बेंझेगाग आणि केनान यांचं 1996 चं मिश्रणाचं सूत्र बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये तयार मिळतं. तयार मिळतं म्हणून घातांक तसाच ठेवू नका. मिश्र भाराची टेस्ट करून तो काढा.

आलेखाचा आकारही महत्त्वाचा. ठिसूळ ॲडहेसिव्हला त्रिकोण पुरतो. चिवट ॲडहेसिव्ह कळसावर पोचून बराच काळ तिथेच टिकतो, त्याला वर सपाट माथा असलेला आकार द्यावा लागतो, विशेषतः शिअरमध्ये.

आणि मेश. त्या अर्धवट उघडलेल्या पट्ट्यात किमान तीन-चार एलिमेंट बसले पाहिजेत. एलिमेंट पट्ट्यापेक्षा मोठे झाले की भाराचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा वरखाली होतो आणि जोड आहे त्यापेक्षा दणकट दिसतो. मोठ्या मॉडेलमध्ये, उदाहरणार्थ अख्ख्या गाडीच्या क्रॅशमध्ये, इतके बारीक एलिमेंट परवडत नाहीत. तिथे चिवटपणा तसाच ठेवून कळस जाणूनबुजून खाली आणतात, म्हणजे पट्टा लांब होतो आणि ताळेबंद सांभाळला जातो. हे करायला हरकत नाही. पण मग भेग पडण्याचा क्षण ढोबळ झाला आहे, हे अहवालात लिहायला हवं.

7. एका नमुन्यावर शिका, दुसऱ्यावर परीक्षा द्या

सिंगल लॅपची टेस्ट झाली, मॉडेल चालवलं, आकडा जुळला नाही, कळस जरा वाढवला, चिवटपणा जरा कमी केला, आलेख आलेखावर तंतोतंत बसला. सादरीकरणात ही स्लाइड फार सुरेख दिसते. पण तिथे मॉडेलने काहीही भाकीत केलेलं नसतं. आपण त्याला उत्तर पाठ करायला लावलेलं असतं.

शिस्त साधी आहे. सोलण्याचा चिवटपणा डबल कँटिलिव्हर बीममधून घ्यायचा, शिअरचा एंड नॉच्ड फ्लेक्शरमधून, ताकद ॲडहेसिव्हच्या स्वतंत्र नमुन्यांतून किंवा जाड पत्र्यांच्या शिअर टेस्टमधून. मग हे आकडे कुलूपबंद करायचे आणि त्यांना हात न लावता सिंगल लॅप, टी-पील, वेगळी जाडी, वेगळा ओव्हरलॅप यांचं उत्तर टेस्टच्या आधी लिहून ठेवायचं. दहा-पंधरा टक्क्यांच्या आत आणि योग्य प्रकारच्या भंगासकट उत्तर आलं, तर मॉडेलने कमावलं. आकडा जुळला पण भेग भलत्याच थरातून गेली, तर तो योगायोग समजावा आणि आनंद आवरावा.

8. जाडी ड्रॉइंगवरची नको, जोडातली मोजा

फोल्करसेनच्या सूत्राप्रमाणे ॲडहेसिव्हचा थर जाड केला की टोकावरचा ताण कमी होतो, म्हणजे जोड मजबूत व्हायला हवा. लॅबमध्ये लॅप जोडांबाबत बहुतेक वेळा उलट दिसतं. जाड थरात हवेचे बुडबुडे जास्त, ओढण्याच्या रेषांतलं अंतर जास्त, म्हणून वाकणंही जास्त.

चिवटपणाही जाडीप्रमाणे बदलतो. किनलॉक आणि शॉ यांनी 1981 मध्ये रबराने चिवट केलेल्या इपॉक्सीबाबत दाखवलं की एका विशिष्ट जाडीला चिवटपणा सर्वाधिक असतो. भेगेच्या टोकाशी नरमणारा भाग थरात नेमका मावतो तेव्हा तो फुलून काम करतो. थर पातळ झाला की दोन्हीकडच्या धातूच्या भिंती त्याला दाबून धरतात. म्हणून 0.2 मिमीवर मोजलेला चिवटपणा पवनचक्कीच्या पात्यातल्या दहा मिमी किंवा त्याहून जाड थराला लावणं म्हणजे एका पदार्थाचा आकडा दुसऱ्याला देणं.

जाडी राखण्यासाठी ॲडहेसिव्हमध्ये ठरलेल्या व्यासाचे बारीक काचेचे मणी मिसळण्याची पद्धत चांगली आहे. तरीही पत्रा वाकडा असतो, क्लॅम्प एका बाजूला जास्त दाबतो. प्रत्यक्ष जोड कापून चार-पाच ठिकाणी जाडी मोजावी आणि मॉडेल त्या मर्यादांच्या दोन्ही टोकांना चालवावं.

9. भार यायच्या आधीच जोडात ताण असतो

गाडीची बॉडी रंगाच्या ओव्हनमधून जाते तेव्हा ॲडहेसिव्ह घट्ट होतो. समजा तो 180 अंशांना पक्का झाला आणि बॉडी 30 अंशांवर आली. छप्पर ॲल्युमिनियमचं आणि चौकट स्टीलची असेल, तर ॲल्युमिनियम अंशागणिक स्टीलच्या जवळजवळ दुप्पट आकुंचन पावतं. एक मीटर लांबीवर 150 अंशांच्या फरकाने दोघांच्या आकुंचनातला फरक होतो सुमारे 1.6 मिमी. ही तफावत कुणीतरी सोसायची असते. पत्रे थोडे वाकतात, उरलेली ॲडहेसिव्ह सोसतो, आणि सर्वात जास्त टोकांवर, म्हणजे जिथे भेग पडायची तिथेच.

म्हणून वेगवेगळे पदार्थ जोडताना मॉडेलची पहिली पायरी थंड होण्याची असावी आणि बाहेरचा भार दुसऱ्या पायरीत यावा. उलटा हिशेबही करून पाहावा. गाडी मे महिन्यात नागपुरात उन्हात उभी असते आणि जानेवारीत लेहला जाते. एका टोकाला ॲडहेसिव्ह नरम, दुसऱ्या टोकाला ठिसूळ. खोलीच्या तापमानाला मोजलेला एकच आकडा दोन्हीकडे कसा चालेल?

10. पाणी आणि काळ यांना बाहेर ठेवू नका

28 एप्रिल 1988 ला हवाईमध्ये अलोहा एअरलाइन्सचं बोइंग 737 आकाशात असताना त्याच्या पुढच्या भागाचं सुमारे 18 फूट लांबीचं छप्पर उडून गेलं. एका हवाईसेविकेचा मृत्यू झाला. वैमानिकांनी विमान माउइला उतरवलं. विमानाची 89,680 उड्डाणं झाली होती. या घटनेची मुळं चिकटवलेल्या जोडात होती. पत्र्यांचे सांधे थंड अवस्थेत पक्क्या होणाऱ्या ॲडहेसिव्हने जोडलेले होते आणि सोबत रिव्हेटच्या ओळी होत्या. भार दोघांनी वाटून घ्यायचा होता. दमट, खाऱ्या हवेत ॲडहेसिव्ह सुटत गेला, सगळा भार रिव्हेटच्या भोकांवर आला, आणि वरच्या पत्र्यात भोकांच्या धारदार कडांपासून थकव्याच्या भेगा निघून एकमेकींना मिळाल्या. रिव्हेट तपासणारं कोणतंही मॉडेल, ॲडहेसिव्ह शाबूत आहे असं गृहीत धरून, हा जोड सुरक्षितच म्हणालं असतं.

भारतासाठीही हा धडा जुना आहे. दुसऱ्या महायुद्धात लाकूड चिकटवून बनवलेली मॉस्किटो विमानं इथे आली, 1944 च्या अखेरीस त्यांचे अपघात झाले आणि उड्डाणं थांबवावी लागली. इथलं ऊन-पावसाचं हवामान आणि कारखान्यातली सदोष बांधणी, दोन्हींकडे बोट दाखवलं गेलं.

पाणी ॲडहेसिव्हमध्ये हळूहळू मुरतं. दुप्पट अंतर गाठायला चौपट वेळ लागतो. त्याने नरमलेला थर वाळल्यावर बराचसा सावरतो. पण पाणी धातूच्या पृष्ठभागापर्यंत पोचून तिथली पकड मोडतं, तेव्हा ती परत येत नाही. याची खरी परीक्षा वेज टेस्टमध्ये होते. चिकटवलेल्या दोन पट्ट्यांत पाचर ठोकायची, भेगेच्या टोकाशी खूण करायची, नमुना उबदार, दमट पेटीत ठेवायचा आणि भेग किती पुढे सरकली ते पाहायचं. पृष्ठभाग नीट तयार केलेला असेल तर ती जेमतेम हलते आणि ॲडहेसिव्हमध्येच राहते. नसेल तर कोरा धातू उघडा पडत ती लांबवर जाते. कोरड्या लॅप टेस्टमध्ये हे दोन्ही नमुने सारखाच आकडा दाखवू शकतात. रत्नागिरीच्या पावसाळ्यात चालणाऱ्या वस्तूचं मॉडेल एसी लॅबमधल्या आकड्यांवर उभं करायचं असेल, तर आधी ही टेस्ट मागा.

11. मॉडेलला जे दिसत नाही, त्याची यादी द्या

दोन पृष्ठभाग एकमेकांना टेकलेले, मध्ये हवा नाही, पण पकडही नाही, असा जोड अल्ट्रासाउंडला निरोगी दिसतो. बुडबुडा सापडतो, दुबळी पकड सापडत नाही. तयार जोडाला धक्का न लावता त्याची ताकद खात्रीने मोजणारं यंत्र आजही आपल्या हाती नाही. म्हणूनच विमानांच्या नियमांत, ज्या चिकटवलेल्या जोडाच्या सुटण्याने विमान जाऊ शकतं त्याच्यासाठी तीन पर्याय ठेवले आहेत: जोड सुटला तरी सुटणं ठराविक मर्यादेत थांबेल आणि उरलेली रचना भार घेईल असं डिझाइन, किंवा प्रत्येक तयार भागावर प्रत्यक्ष भार लावून खात्री, किंवा ताकदीची हमी देणारी भरवशाची तपासणी. तिसरा पर्याय प्रत्यक्षात हाती येत नाही, म्हणून बहुतेक जण पहिल्याकडे वळतात.

मॉडेल करणाऱ्याची खरी सेवा इथे घडते. “जोड इतका भार घेईल” या वाक्यापेक्षा “जोडाचा इतका भाग सुटला तरी रचना उभी राहील, आणि भेग या खुणेपाशी थांबेल” हे वाक्य लाखमोलाचं आहे. थकव्याबाबतही तसंच. ॲडहेसिव्हमध्ये भार थोडा वाढला की भेगेचा वेग धातूंच्या मानाने फारच झपाट्याने वाढतो. त्यामुळे “भेग इतक्या फेऱ्यांत इथवर जाईल” असं सांगण्यापेक्षा “या भाराखाली ती हलणारच नाही” अशी पातळी शोधून तिच्या आत राहणं शहाणपणाचं.

12. टेस्टच्या आधी चार ओळी लिहा

माझ्या हाताखाली येणाऱ्या प्रत्येकाला मी ही सवय लावतो. मशिन सुरू होण्याआधी कागदावर चार गोष्टी लिहायच्या, तारीख घालायची आणि खाली सही करायची. भेग कुठून निघेल. कोणत्या थरातून जाईल आणि पृष्ठभाग कसा दिसेल. भार कळसावरून सावकाश उतरेल की कोसळेल. आणि सर्वात शेवटी, भार किती ते किती या मर्यादेत असेल.

पहिल्या तीन ओळी बरोबर आल्या आणि चौथी थोडी चुकली, तर ते मॉडेल मी पुढच्या जोडासाठी वापरतो, कारण त्याला जोड समजला आहे; आकडा सुधारता येतो. चौथी बरोबर आणि पहिल्या तीन चुकल्या, तर मी ते वापरत नाही, मग आलेख कितीही देखणा असो. या जोडांवर गाडीत मुलं बसतात, विमानात माणसं झोपतात. त्यांना जोड कितीला तुटतो हे जाणून घ्यायचं नसतं. तो तुटू नये, आणि सुटलाच तर तिथेच थांबावा, एवढीच त्यांची आपल्याकडून रास्त अपेक्षा आहे. ती पुरी करायची तर ‘कसा’ हा प्रश्न प्रत्येक वेळी पहिला यायला हवा.